वाचकांचे प्रश्न : खुब्याचे ऑपरेशन आणि विम्याचे पैसे

या वेळच्या टपालात खुब्याच्या ऑपरेशनची आणि त्याच्या खर्चाची पत्रे इतकी आली की हा पूर्ण भाग त्यांनाच दिला आहे. उत्तरे अस्थिरोगतज्ज्ञ आणि विमा दाव्यांचे काम करणारे सल्लागार यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) : माझे वय ४१. दहा एकर वावर आहे, ट्रॅक्टर मीच चालवतो. उजवा खुबा पार झिजला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी पूर्ण सांधा बदलण्याऐवजी ‘हिप रिसर्फेसिंग’ सुचवले. माझी ५ लाखांची पॉलिसी चार वर्षांपासून एकही खंड न पडता सुरू आहे. तरी ‘ही सर्जरी आमच्या यादीत नाही’ म्हणून टीपीएने (कंपनीतर्फे क्लेम तपासणाऱ्या संस्थेने) कॅशलेस नाकारले. आता पैसे बुडाले का?

उत्तर : नाही. कॅशलेस नाकारणे आणि क्लेम नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅशलेस नाकारले म्हणजे कंपनी दवाखान्याला आगाऊ हमी द्यायला तयार नाही, एवढेच. बिल स्वतः भरून नंतर परतफेडीचा क्लेम करण्याचा तुमचा हक्क शाबूत आहे. पण चार-पाच लाख हातून घालवून मग भांडण्यापेक्षा ऑपरेशनच्या आधी कंपनीकडून लेखी उत्तर मिळवा. तुमचे ऑपरेशन ठरवून करायचे आहे, तेव्हा वेळ तुमच्या हातात आहे.

पहिले काम, नकार कोणत्या कलमाखाली दिला ते लेखी मागा. ‘यादीत नाही’ हे कलम नव्हे. कायमच्या वगळणुकींचे शब्द आणि क्रमांक सगळ्या कंपन्यांच्या आरोग्य पॉलिसींत सारखेच असतात. रिसर्फेसिंगच्या बाबतीत कंपनी बहुधा १६ क्रमांकाच्या वगळणुकीकडे बोट दाखवते. ती ‘सिद्ध न झालेल्या उपचारां’ची आहे आणि इथे ती टिकू नये. रिसर्फेसिंगमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा कापून टाकत नाहीत. तो तासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि कमरेच्या खोबणीत धातूची वाटी. आजची पद्धत बर्मिंगहॅमचे सर्जन डेरेक मॅकमिन यांनी बसवली. त्यांचे बर्मिंगहॅम इम्प्लांट १९९७ पासून वापरात आहे आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, त्याला २००६ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे तो ‘प्रयोग’ राहिलेला नाही.

कंपनीचे डॉक्टर बिचकतात त्यालाही कारण आहे, तेही समजून घ्या. टोपी आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमची असतात. धातूवर धातू घासून बारीक कण रक्तात जातात. ‘एएसआर’ नावाचे या प्रकारचे इम्प्लांट ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवावे लागले. भारतातल्या बाधित रुग्णांसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये ३० लाख ते १.२३ कोटी रुपयांच्या भरपाईचे सूत्र मंजूर केले. बर्मिंगहॅम इम्प्लांटही २०१५ पासून महिलांसाठी आणि ४६ मिमी व त्याहून लहान मापाच्या गोळ्यासाठी बंद झाले, कारण तिथे ते लवकर निकामी होत होते. म्हणून कंपनीचा खरा सवाल ‘ही सर्जरी कशाला?’ असा नसतो, ‘याच रुग्णाला का?’ असा असतो. त्याचे उत्तर तुमच्या सर्जनच्या पत्रात असले पाहिजे.

ते पत्र दोन ओळींचे चालत नाही. त्यात निदान आणि त्याचा आयसीडी कोड (आजाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) हवा. झिजेचा संधिवात असेल तर एम १६, गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो सुकला असेल, म्हणजे एव्हीएन, तर एम ८७. वय, लिंग, मोजलेले गोळ्याचे माप मिमीमध्ये, हाड पुरेसे टणक असल्याचे एक्स-रे व एमआरआयवरून दिलेले मत, मूत्रपिंड ठीक असल्याचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट (धातूचे कण लघवीवाटेच बाहेर पडतात, म्हणून मूत्रपिंड कमजोर असलेल्याला हे ऑपरेशन करत नाहीत), धातूची अ‍ॅलर्जी नसल्याची नोंद, आणि पूर्ण सांधा बदलण्यापेक्षा हे का बरे, याचे कारण. इम्प्लांटचे नाव आणि त्याचा सीडीएससीओचा (केंद्रीय औषध नियामकाचा) आयात परवाना क्रमांकही टाकायला सांगा. ऑपरेशनचे नाव नुसते ‘रिसर्फेसिंग’ न लिहिता ‘हिप रिसर्फेसिंग आर्थ्रोप्लास्टी’ असे पूर्ण लिहावे. आर्थ्रोप्लास्टी हा शब्द आला की ती सांध्याच्या शस्त्रक्रियांमध्ये मोडते. नुसत्या ‘रिसर्फेसिंग’वर क्लेम तपासणारा माणूस अडतो.

सोबत एस्टिमेट फोडून घ्या: खोली, सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), इम्प्लांट, औषधे, तपासण्या वेगवेगळ्या. एकच ठोक आकडा दिला की क्वेरी येते. हे सगळे जोडून दवाखान्याच्या विमा डेस्कमार्फत नवीन प्री-ऑथ (आगाऊ मंजुरीची विनंती) पाठवा. ठरवून केलेल्या ऑपरेशनची सूचना भरतीच्या किमान ४८ तास आधी जायला हवी. तुम्ही आठ-दहा दिवस आधी पाठवा, म्हणजे क्वेरीला उत्तर द्यायला जागा राहील. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. तो तास पूर्ण कागद पोचल्यापासून धरतात, हे विसरू नका.

चार वर्षे सलग पॉलिसी हा तुमचा मोठा आधार आहे. सांधेबदलासाठी प्रतीक्षा काळ असतो. काही पॉलिसींत तो पूर्वी ४८ महिने होता, आता नियमाने ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तुमचा तो संपला आहे. पण केस पेपर पाहा. ‘उजव्या खुब्यात दुखणे, ६ वर्षांपासून’ असे कोणी लिहून ठेवले असेल, तर आजार पॉलिसीच्या आधीचा होता आणि तुम्ही तो लपवला, असा मुद्दा निघतो.

दवाखान्यात रोबो असेल तर थांबून विचारा. रोबोच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेवर बऱ्याच पॉलिसींत विमा रकमेच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे. ५ लाखांचे अडीच लाख होतात, आणि हे डिस्चार्जच्या दिवशी कळते.

रिसर्फेसिंगनंतर उकिडवे बसता येईल, असे आश्वासन मिळाले तर ते जपून घ्या. मोठ्या गोळ्यामुळे सांधा निसटण्याची भीती कमी असते हे खरे. पण पहिल्या सहा महिन्यांत टोपीखालची हाडाची मान मोडण्याचा धोका असतो, त्या काळात पोते उचलणे आणि ट्रॅक्टरवर चढ-उतर नको. पुढे कोबाल्ट-क्रोमियमची रक्ततपासणी ठरावीक काळाने करावी लागते. ७ पीपीबीच्या (अब्जात ७ भागांच्या) वर आकडा गेला तर पुढची तपासणी लागते. ही ओपीडीतली तपासणी आहे. अनेक पॉलिसी डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचाच खर्च देतात, पुढचा खिशातून.

प्रश्न (ता. कुरखेडा, जि. गडचिरोली) : लहान भाऊ २९ वर्षांचा, सिकलसेलचा रुग्ण. दोन्ही खुबे सुकले असे एमआरआयमध्ये आले. रोवणीला उभा राहू शकत नाही. कोणी सांगितले की रिसर्फेसिंग केले तर हाड वाचते. विमा नाही, घरी पिवळे रेशन कार्ड आहे.

उत्तर : भावासाठी रिसर्फेसिंगचा विचार सोडून द्या. त्यासाठी गोळ्याचे हाड मजबूत लागते. सिकलसेलमध्ये रक्त अडकून तेच हाड मेलेले असते. मेलेल्या हाडावर टोपी बसवली की ती हलते. गोळा अजून बसला नसेल, म्हणजे दबून चपटा झाला नसेल, तर कोअर डिकॉम्प्रेशन, म्हणजे हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करणे, हा पर्याय असतो. बसला असेल तर पूर्ण सांधा बदलणे. कोणता टप्पा आहे ते एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘फिकाट स्टेज’ म्हणून लिहिलेले असते. तिसरा किंवा चौथा असेल तर सांधाबदलाकडे जावे लागते. आणि बाहेर ‘स्टेम सेलने गोळा परत भरतो’ म्हणून लाखो रुपये मागणारे भेटतील. पॉलिसीत स्टेम सेल फक्त रक्ताच्या आजारातल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरते असते, खुब्याला नाही. कर्ज काढून तिकडे जाऊ नका.

पैशाची वाट महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात गडचिरोली होता. आता ती आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते आणि जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. इथे प्रतीक्षा काळ नाही, जुना आजार असला तरी चालतो. आधी गावच्या सेतू केंद्रावर किंवा आशाताईंमार्फत आयुष्मान कार्डाची ई-केवायसी करून घ्या. रेशन कार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव एक अक्षरानेही वेगळे असेल तर काम तिथेच अडते. ते दुरुस्त करायला तहसीलमध्ये दिवस जातात, म्हणून हे सगळ्यात आधी. मग एक्स-रे, एमआरआयची फिल्म (नुसता रिपोर्ट नाही), सिकलसेलचे कार्ड व इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट घेऊन नागपूरचे मेडिकल, एम्स, सेवाग्राम किंवा सावंगी यांपैकी एका ठिकाणी जा. पोचल्यावर ओपीडीच्या रांगेत लागण्याआधी आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठा आणि तीन गोष्टी विचारा: या दवाखान्याला योजनेत अस्थिरोगाची मंजुरी आहे का, खुब्याच्या सांधाबदलाचे पॅकेज इथे चालते की सरकारी रुग्णालयासाठी राखीव आहे, आणि प्रतीक्षा यादी किती आहे. गावाहून निघण्याआधी हेच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करून विचारले तर एक चक्कर वाचेल.

पॅकेजमध्ये इम्प्लांट, औषधे, तपासण्या, जेवण सगळे धरलेले असते. ‘चांगला इम्प्लांट हवा असेल तर वरचे इतके द्या’ असे कोणी म्हटले तर देऊ नका. पावती मागा, आणि त्याच नंबरवर तक्रार करा. दोन्ही खुबे सहसा एकदम करत नाहीत. पहिला बरा झाल्यावर दुसरा. वर्षाची मर्यादा कुटुंबाची आहे हे लक्षात ठेवून तारखा डॉक्टरांशी ठरवा.

सिकलसेलच्या रुग्णाला ऑपरेशनआधी बहुधा रक्त चढवावे लागते, हिमोग्लोबिन साधारण १० पर्यंत आणतात. ओटीत थंडी, पाणी कमी पडणे, ऑक्सिजन कमी होणे, यातल्या कशानेही क्रायसिस (तीव्र वेदनांचा झटका) येऊ शकतो. म्हणून स्वतःची रक्तपेढी असलेले मोठे रुग्णालयच निवडा. भूलतज्ज्ञाला सिकलसेल आहे हे तुम्ही स्वतः सांगा, कागदात आहेच असे समजू नका.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयातून यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचे ओळखपत्र) अर्ज करून ठेवा. पुढे खासगी विमा घ्यायचा झाला तर ‘अनुवांशिक आजार’ म्हणून कंपनीला सरसकट वगळता येत नाही, जुन्या आजाराचा प्रतीक्षा काळ मात्र लागेल.

प्रश्न (ता. रिसोड, जि. वाशीम) : माझ्या यजमानांचा एव्हीएनचा क्लेम ‘दारूमुळे झालेला आजार’ म्हणून नाकारला. ते लग्नकार्यात घेतात, रोज नाही. २०२१ मध्ये कोरोनात १५ दिवस भरती होते, तेव्हा स्टिरॉइड दिले होते.

उत्तर : १२ क्रमांकाची वगळणूक दारू व नशेच्या व्यसनाची आणि त्याच्या परिणामांची आहे. एव्हीएनचे क्लेम या एका कलमावर फार जातात, कारण दारू हे त्या आजाराचे एक कारण आहे. पण एकमेव नाही: स्टिरॉइड, जुना मार, सिकलसेल हीही कारणे आहेत, आणि काही रुग्णांत कारण सापडतच नाही. वगळणूक लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. भरतीच्या कागदावर ‘अल्कोहोल : कधीमधी’ असा एक शब्द आहे, एवढ्यावर व्यसन सिद्ध होत नाही.

आता कामाला लागा. २०२१ च्या भरतीचे डिस्चार्ज कार्ड आणि औषधांचा तक्ता त्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातून मागवा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. त्यात डेक्सामेथासोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, किती मिग्रॅ, किती दिवस, हे दिसले पाहिजे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्या की आजाराचे संभाव्य कारण स्टिरॉइड आहे; तेव्हा कोड एम ८७.१ होतो. एम ८७.० म्हणजे कारण माहीत नाही. डिस्चार्ज कार्डावर एक आणि क्लेम फॉर्मवर दुसरा कोड असेल तर तेही जुळवून घ्या. यकृताच्या जुन्या तपासण्या सामान्य असतील तर त्याही जोडा. ‘दारू कधीच घेत नाही’ असे खोटे प्रतिज्ञापत्र मात्र देऊ नका. एक खोटे सापडले की खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. किती आणि कधी घेतात ते जसेच्या तसे लिहा.

प्रश्न (ता. आर्वी, जि. वर्धा) : १४ महिन्यांपूर्वी बैलबंडीवरून पडून खुब्याजवळ हाड मोडले, स्क्रू टाकले. तेव्हाचा क्लेम मिळाला. आता त्याच बाजूचा गोळा सुकला, सांधा बदलायचा आहे. पॉलिसीला दीड वर्ष झाले. कंपनी म्हणते, सांधेबदलाला अजून वेळ आहे.

उत्तर : पॉलिसीतले सांधेबदलाचे प्रतीक्षेचे कलम शेवटपर्यंत वाचा. बहुतेक ठिकाणी पुढे ‘अपघातामुळे करावा लागल्यास वगळून’ असे शब्द आहेत. तुमचा अपघात पॉलिसी सुरू झाल्यानंतरचा आहे, म्हणून प्रतीक्षा लागू नये. मांडीच्या हाडाची मान (गोळ्याखालचा भाग) मोडली की गोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या फाटतात आणि गोळा हळूहळू सुकतो. हे दिसायला दोन वर्षेही लागतात, त्यामुळे १४ महिन्यांचे अंतर अजिबात विचित्र नाही.

कंपनीला हा धागा कागदावर दाखवा. पडल्याच्या दिवशीचा पहिला केस पेपर (ग्रामीण रुग्णालयाचा असला तरी चालतो, त्यावर ‘बंडीवरून पडून’ असे कारण असले पाहिजे), एमएलसी (अपघाताची पोलिसांकडे नोंद) झाली असल्यास तिची प्रत, तेव्हाचा एक्स-रे, स्क्रूच्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड, मधल्या भेटींचे एक्स-रे आणि आत्ताचा. सर्जनच्या पत्रात ‘मांडीच्या हाडाच्या मानेच्या अस्थिभंगानंतरचा एव्हीएन’ हे शब्द आणि एम ८७.२ हा कोड हवा. पहिला क्लेम कंपनीने अपघात म्हणूनच मंजूर केला होता; त्याचा क्लेम नंबर पत्राच्या पहिल्याच ओळीत टाका. स्वतःचेच मान्य केलेले कंपनीला नाकारणे अवघड जाते.

प्रश्न (ता. दर्यापूर, जि. अमरावती) : वडिलांचे ऑपरेशन झाले, बिल २ लाख ८५ हजार ५००, मिळाले १ लाख ८८ हजार. खोली महाग घेतली म्हणून कापले म्हणतात. बरोबर आहे का?

उत्तर : तुम्ही जोडलेल्या कागदांवरून हिशेब मांडतो. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,०००, तुम्ही घेतली ७,५०० ची. म्हणजे मर्यादा भाड्याच्या दोन तृतीयांश. ५ दिवसांचे भाडे ३७,५०० चे २५,००० होते. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग मिळून ९०,०००. त्यालाही तेच प्रमाण लागते, ६०,०००. इथपर्यंत कंपनी बरोबर.

पण इम्प्लांट १,१०,००० आणि औषधे व तपासण्या ४०,००० यांवर ही प्रमाणात कपात करता येत नाही. नियामकाने औषधे, इम्प्लांट, साहित्य आणि निदान तपासण्या त्यातून स्पष्ट बाहेर ठेवल्या आहेत. तुमच्या तक्त्यात इम्प्लांटसमोर ७३,३३३ दिसतात. ३६,६६७ रुपये चुकीचे कापले. वॉकर, बँडेजसारखे ८,००० न मिळण्याच्या यादीत आहेत, ते सोडा. बरोबर बेरीज २,३५,०००. त्यातून ५ टक्के सहभाग (तुमचा वाटा) ११,७५० वजा जाता २,२३,२५० मिळायला हवे. तुमच्या हाती ३५ हजार कमी आले. हाच हिशेब पत्रात मांडून फेरविचार मागा.

५,००० ची खोली घेतली असती तर कंपनीकडून आणखी साडेअठ्ठावीस हजार मिळाले असते, कारण सर्जन-ओटीवरची कपात गेली असती. भरतीच्या वेळी विमा डेस्कला ‘माझ्या पॉलिसीत खोलीची मर्यादा किती’ हा एक प्रश्न विचारायचाच.

तुमच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर नाहीत, हे आम्हाला खटकले. प्रत्येक भागाच्या खोक्यात छोटे चिकटपत्र असते, त्यावर रेफ क्रमांक, लॉट क्रमांक, माप आणि मुदत छापलेली असते. वाटी, लायनर, गोळा, दांडा मिळून चार. ओटीतली सिस्टर ते केस पेपरला लावते. एक जोड डिस्चार्ज कार्डावर लावून मागा. गुडघ्याच्या इम्प्लांटला ऑगस्ट २०१७ पासून सरकारने कमाल किंमत ठरवली आहे, खुब्याच्याला तशी नाही. म्हणून कंपनी खुब्याच्या इम्प्लांटची किंमत ‘वाजवी नाही’ म्हणून छाटू पाहते, आणि तेव्हा स्टिकर व मूळ इनव्हॉइस हाच पुरावा. पुढे कधी इम्प्लांट परत मागवले गेले, तर लॉट क्रमांकाशिवाय तुम्हाला काही करता येणार नाही.

प्रश्न (ता. साकोली, जि. भंडारा) : बँकेतून वर्षाला २० रुपये कापतात त्या विम्यातून खुब्याचे ऑपरेशन होते का?

उत्तर : नाही. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू आणि अपघाताने आलेले कायमचे अपंगत्व (हात, पाय, डोळा गमावणे) यासाठी २ लाख किंवा १ लाख देते. दवाखान्याचा खर्च त्यात नाही.

प्रश्न (ता. तिरोडा, जि. गोंदिया) : आई ७४ वर्षांची, अंगणात पडली, खुब्याचे हाड मोडले. रेशन कार्डावर तिचे नाव भावाकडे आहे, तो बाहेरगावी असतो.

उत्तर : रेशन कार्डासाठी थांबू नका. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळते आणि ते फक्त आधारवर निघते. योजनेतल्या रुग्णालयातही काढून देतात. चौकशी १४५५५. या वयात रिसर्फेसिंगचा प्रश्नच नाही. अनेकदा अर्धा किंवा पूर्ण सांधा बदलतात आणि ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हावे. अंथरुणात पडून राहिले की फुप्फुसात कफ साचतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा पडतात. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन आठवडा घालवू नका.

प्रश्न (ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर) : ऑपरेशन करावेच लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. आता पॉलिसी काढून, दुखणे न सांगता, काही महिन्यांनी केले तर? एजंट म्हणतो चालते.

उत्तर : चालत नाही. तुमचे एक्स-रे तारखेसह दवाखान्याच्या संगणकात आहेत आणि सांधेबदलाचा क्लेम आला की कंपनी मागचे कागद हमखास शोधते. क्लेम जातोच, पॉलिसीही रद्द होते. ६० महिन्यांनंतर कंपनी जुन्या माहितीवरून क्लेम अडवू शकत नाही, पण फसवणूक त्याला अपवाद आहे. प्रपोजल फॉर्मवर सही तुमची असते, एजंटची नाही.

फुले योजनेतून करा. तिथे पॅकेज बसलेच नाही तर मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीच्या आजारांच्या यादीत खुब्याचे रोपण आहे. १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशन कार्ड, रिपोर्ट आणि दवाखान्याचे एस्टिमेट लागते. दवाखाना खासगी असेल तर एस्टिमेटवर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही हवी. अर्ज ऑपरेशनच्या आधी गेला पाहिजे.

प्रश्न (ता. मेहकर, जि. बुलढाणा) : कंपनीने क्लेमचा फेरविचारही नाकारला. वकील २० हजार मागतो.

उत्तर : वकील लागत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने तक्रार द्या. सोबत नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंदवून टोकन क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. विदर्भासाठी पुण्याचे कार्यालय. फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, वकील उभा करायला परवानगीच नाही. सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, पुण्याला जाण्याचे भाडे वाचते. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे, म्हणून नकाराचे पत्र आले ते पाकीट पोस्टाच्या शिक्क्यासह ठेवा.

अर्जासोबत गोष्ट लांबण लावून लिहू नका. एका पानावर तारखा उतरवा: पॉलिसी कधी सुरू झाली, पहिल्यांदा कधी दुखले, भरती, डिस्चार्ज, क्लेम, नकार. त्याखाली कंपनीने सांगितलेले कलम जसेच्या तसे, आणि ते का लागू नाही याच्या चार ओळी, प्रत्येक ओळीपुढे कागदाचा पान क्रमांक. निकाल विरुद्ध गेला तरी जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो, तिथे मुदत दोन वर्षांची. मात्र आयोगात आधी केस टाकली तर लोकपाल ते प्रकरण घेत नाहीत, तेव्हा क्रम उलटा करू नका.